तांदळाच्या डब्यातला सूक्ष्मदर्शक

भाटेमास्तरांकडे चहाला गेलं, की कप हातात येण्याआधी ते समोर दातकोरणं धरत. "आ करा. गाल आतून जरा खरवडू." तो खरवडलेला ऐवज काचपट्टीवर जायचा, त्यावर आयोडीनचा थेंब पडायचा, आणि आपल्याच गालाच्या पेशी पाहून 'वा' म्हटल्याशिवाय चहा काही मिळत नसे. वर्षभरात श्रीवर्धनातल्या माणसांनी त्यांच्या घरी जाणंच सोडलं. मी त्यांच्याच शाळेत मराठी शिकवायचो, त्यामुळे माझी मात्र शाळेत सुटका नव्हती.

पेशींचा धडा ते कांदेनवमीलाच घेत. पुढे चातुर्मास, मग निम्म्या गावात कांदा घरात यायचा नाही. त्या दिवशी घरोघर कांदाभजी आणि आमच्या आठवीत कांद्याचा पापुद्रा. पण आषाढात ऊन कुठलं? सूक्ष्मदर्शकाखालच्या आरशाला तर उजेड हवा. ढग फाटले की मास्तर यंत्र उचलून व्हरांड्यात धावत, मागोमाग त्यांचा वर्ग आणि माझं व्याकरण अर्धवट टाकून माझाही. "दुसरा डोळा मिटू नका," ते बजावत. "देवानं दोन दिलेत ते काय एक झाकून ठेवायला?"

एकदा तपासणीला आलेले साहेब बराच वेळ नळीला डोळा लावून म्हणाले, "वा, पेशी फारच रेखीव."

"त्या आपल्या पापण्या, साहेब," मास्तर म्हणाले. हेडमास्तरांना लागोपाठ दोन पेले पाणी प्यावं लागलं.

हेडमास्तरांचा खरा राग मात्र वेगळाच होता. शाळेचा एकुलता एक सूक्ष्मदर्शक मास्तर रोज संध्याकाळी घरी नेत. विचारलं तर म्हणत, "कोकणातली हवा ही. भिंगाला बुरशी येते. घरी तांदळाच्या डब्यात कोरडा राहतो." शेवटी हुकूम निघाला, की उद्यापासून यंत्र शाळेच्या कपाटात, कुलपात राहील. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. मलाच वाईट वाटलं, म्हणून मी रदबदली केली. हेडमास्तर म्हणाले, "तुम्ही स्वतः जाऊन बघा. घरी नेण्यासारखं कारण दिसलं तर हुकूम मागे घेतो."

संध्याकाळी गेलो. वाटेत मास्तर एका सुपारीच्या वाडीत, विहिरीजवळच्या दगडी दोणीत साठलेलं शेवाळलेलं पाणी बाटलीत भरत होते. वाडीतला गडी विचारत होता, "मास्तर, ह्ये पानी पियाला हाय का?"

"बघायला," मास्तर म्हणाले आणि मला पाहून दचकले.

घरी डबा होता, डब्यात तांदूळही होते. मास्तरांनी त्यातून सूक्ष्मदर्शक काढला आणि खिडकीशी, खाटेला लागून असलेल्या स्टुलावर ठेवला. खाटेवर भाटेवहिनी होत्या. दोन वर्षांपूर्वी तापात त्यांचे पाय गेले हे मला ठाऊक होतं. तेव्हापासून त्या उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या, हेही. आणि शेजारच्या आळीत राहणारा मी, मास्तर शाळेत भेटतातच या सबबीवर, एकदाही इकडे फिरकलो नव्हतो. माझी मला लाज वाटली.

मास्तरांनी पाण्याचा थेंब काचपट्टीवर सोडला, आरसा मावळतीकडे वळवला, नळी खाली-वर केली आणि ते बाजूला झाले. वहिनी कोपरावर रेलून पुढे झुकल्या.

"हेडमास्तरांना उद्या सांगतो," मी म्हणालो, "यंत्र इथेच राहू दे."

"कपाटात ओल आहेच," मास्तर म्हणाले आणि चहाचं निमित्त करून आत गेले.

वहिनी नळीवरचा डोळा न काढता हसत होत्या. "या ना भाऊजी, बघा. आमच्याकडे कुणी येत नाही म्हणून हे रोज बाटलीतून इतक्या जणांना घेऊन येतात. आज तर केवढी गर्दी झालीय."