दाराजवळचा बाक

निवृत्त सुभेदार हंबीररावांनी फोन ठेवला तेव्हा समोरचा चहा पार गार झाला होता. फोन खंडाळ्याहून होता, जंगम सरांच्या मुलीचा, संयोगिताताईंचा. कुंडलच्या शाळेतल्या जुन्या दहावीच्या मुलांनी स्नेहमेळावा ठरवला होता. मुलं म्हणजे सगळी साठीला टेकलेली. मांडव ठरला, जिलेबी ठरली, सरांना आणायला गाडीही ठरली. फक्त सर यायला तयार नव्हते.

"बाबा म्हणतात, मी तिथं जाऊन काय करू?" संयोगिताताई सांगत होत्या. "एवढी वर्षं त्या पोरांना इंग्रजी शिकवलं आणि एकालाही आलं नाही, सगळा खडू फुकट गेला, असं म्हणतात. अलीकडे रोज हेच बोलतात हो. ऐकवत नाही."

हंबीररावांच्या ते जिव्हारी लागलं. त्याला कारणही तसंच होतं. शाळा सुरू असताना, दहावीचं वर्ष मध्येच टाकून ते भरतीला गेले होते. घरच्यांना सांगितलं होतं, सरांना नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात हंबीर दिसला नाही म्हणून सर सायकल मारत मळ्यातल्या घरापर्यंत आले होते आणि आईच्या हातचं ताक पिऊन तसेच परत गेले होते. हे आईनं पत्रातून कळवलं, तेव्हा बराकीत बसून हंबीररावांना रडू आलं होतं. पुढं कितीदा तरी सुट्टीवर आले, पण सरांना भेटायचा धीर काही झाला नाही.

"ताई, सरांना सांगा, तास घ्यायला या म्हणावं," ते म्हणाले होते. "एकच तास. आमाला इंग्रजी येतंय का न्हाई ते सरांनी सवता बघावं."

बोलायला बोलून गेले, आणि मग घाम फुटला. कारण इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. फौजेत सगळी नोकरी 'यस सर'वर निभावली होती.

पण सुभेदाराला योजना सुचली नाही, असं कधी झालेलं नव्हतं. जंगम सरांची तास घेण्याची एक पद्धत होती. आधी धडा वाचायचा, मग खालचे प्रश्न विचारायचे. पहिला प्रश्न दाराजवळच्या बाकावरच्या मुलाला, दुसरा त्याच्या शेजारच्याला, असं करत पहिली रांग भिंतीपर्यंत संपवायची. हा क्रम सरांनी कधी मोडला नाही. त्यामुळे पहिल्या रांगेतली पोरं पूर्ण धडा वाचायच्या भानगडीत पडतच नसत. आपल्या वाट्याचा प्रश्न कितवा हे ठाऊक असायचं, तेवढंच उत्तर घोकायचं. तपासणीला साहेब आले की सर हमखास म्हातारा आणि त्याच्या शेळीचा धडा घेत. त्या धड्याचं आपापलं एकेक उत्तर पहिल्या रांगेतल्या प्रत्येकाच्या डोक्यात अजून शाबूत होतं. हंबीररावांनी ग्रुपवर हुकूम सोडला, की पहिल्या रांगेनं आपलं उत्तर घासून पुसून ठेवावं, आणि बाकीच्यांनी मागं गप बसावं.

गावात इंग्रजीची साथ आली. पहिल्या रांगेतला भाऊसो धारा काढताना "अ गोट विथ अ लाँग बिअर्ड" म्हणू लागला. लांब दाढीची शेळी, हे त्याचं उत्तर. गोठ्यात शेळी एकही नव्हती, म्हशीच बिचकू लागल्या. सिकंदरचा मंडप आणि स्पीकरचा धंदा. एका लग्नात त्यानं माइक हातात घेतला आणि "हॅलो, हॅलो, द बेकर्स न्यू कॅप" म्हणून चाचणी केली. बेकरीवाल्याची नवी टोपी. वराकडचे लोक फेटे चाचपू लागले. साबेराच्या वाट्याला गरम पाव आणि रस्सा आला होता, तो ती नमाजानंतर न विसरता म्हणून घ्यायची. शालूबाईंचं मात्र अवघड झालं. धड्यात दार उघडते बेकरीवाल्याची जाडी बायको, त्यामुळे त्या भाकऱ्या थापताना सारख्या "द बेकर्स फॅट वाइफ, फॅट वाइफ" पुटपुटत. सून शिवांजली बी.ए. झालेली होती आणि बाळंतपणानंतर जरा सुटली होती. तिनं दोन दिवस सासूशी बोलणं टाकलं.

"आगं, तुला न्हाई म्हनत! त्यो धडा हाय!" शालूबाई कळवळून सांगत.

"धडाच शिकवताय की मला," सून म्हणे.

हंबीररावांना एकच काळजी होती, अर्जुनाची. दाराजवळची जागा अर्जुनाची, म्हणजे पहिला प्रश्न त्याचा. ती जागा त्याला मिळालीच होती मुळी तो रोज उशिरा यायचा म्हणून. गपकन आत शिरून बसायला बरं पडायचं. आता तो द्राक्षं आणि बेदाण्याच्या गाड्या भरायचा आणि अजूनही सगळीकडे उशिराच पोहोचायचा. स्वतःच्या लग्नात अक्षता त्याच्यासाठी थांबल्या होत्या. म्हणून हंबीररावांनी त्याला दहाच्या कार्यक्रमाची वेळ आठची सांगितली.

रविवारी सर आले. पांढरं धोतर, तपकिरी कोट, हातात काठी. सर एवढे लहान कधी झाले हेच हंबीररावांना कळेना. लहानपणी या माणसाचं डोकं फळ्याच्या वरच्या कडेला टेकायचं. हंबीरराव पाया पडले आणि सरांनी पाठ थोपटली. शिपायानं रुळाच्या तुकड्यावर ठण्ण ठण्ण तास दिला. तो आवाज ऐकून टक्कल पडलेली आणि केस पिकलेली सगळी पोरं खरोखरच पळत जाऊन बाकावर बसली. प्रार्थना झाली. खडूचा वास आला. शालूबाईंनी पदर डोळ्याला लावला.

सरांनी चष्मा पुसला आणि म्हाताऱ्याचा धडा वाचला. आवाज थकला होता, पण इंग्रजी तेच, एकेक शब्द सुटा सुटा. मग ते प्रश्नांकडे वळले, आणि तेव्हा कुठं भिंतीकडेला बसलेल्या हंबीररावांचं लक्ष दाराकडे गेलं. दाराजवळचा बाक रिकामा होता. आठची वेळ सांगूनही अर्जुना दहाला आला नव्हता.

काही हालचाल करायच्या आत सरांनी पहिला प्रश्न भाऊसोला टाकला. म्हातारा कुठं चालला होता?

भाऊसो ताठ उभा राहिला. "अ गोट विथ अ लाँग बिअर्ड!"

सरांच्या भुवया वर गेल्या. दुसरा प्रश्न शालूबाईंना. म्हाताऱ्याबरोबर कोण होतं?

"द बेकर्स फॅट वाइफ," शालूबाई लाजत म्हणाल्या.

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. सर पुढं सरकले. दार कुणी उघडलं? साबेरानं डोळे मिटून एका दमात सांगितलं, "हॉट ब्रेड अँड सूप!"

अर्जुना नसल्यानं प्रत्येकाला दाराकडच्या, म्हणजे डावीकडच्या शेजाऱ्याचा प्रश्न येतोय, गाडी एका डब्यानं घसरली आहे हे हंबीररावांच्या ध्यानात आलं आणि फौजी डोकं चालू लागलं. ते वाकून रांगेला कुजबुजले, "आरं, डावीकडच्याचं उत्तर द्या! परत्येकानं डावीकडच्याचं!" निरोप बाकांखालून पार भाऊसोपर्यंत गेला. सर सिकंदरला चौथा प्रश्न विचारणार, एवढ्यात दारात धापा टाकत अर्जुना उभा राहिला. पॅंट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, हात काळे.

"मे आय कम इन, सर?"

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "व्हाय आर यू लेट?"

"सर, मोटरसायकल पंक्चर. आय पुश," अर्जुना म्हणाला. "देन शुगरकेन ट्रॅक्टर कम. रोड ब्लॉक. आय वेट."

"व्हाय डिड यू नॉट फोन?"

"फोन इन अदर शर्ट, सर. वाइफ वॉश दॅट शर्ट."

"अँड द फोन?"

"फोन आल्सो वॉश, सर."

"कम इन," सर म्हणाले. अर्जुना आपल्या जागेवर बसला. पण हंबीररावांनी यातलं काही धड ऐकलंच नव्हतं, ते आपला नवा हिशेब जुळवण्यात गुंतले होते. आणि तो जुळायच्या आत सर म्हणाले, "रांग पूर्ण भरली. आता पुन्हा पहिल्यापासून."

म्हातारा बाजाराला चालला होता, हे पहिलं उत्तर अर्जुनानं बरोबर दिलं. पण बाकीची रांग शिस्तीची. सुभेदारांचा हुकूम कुणी मागं घेतलेला नव्हता. म्हाताऱ्याबरोबर कोण होतं, असं विचारल्यावर भाऊसोनं डावीकडच्याचं उत्तर ठोकून दिलं, "टू द मार्केट!" दार कुणी उघडलं? शालूबाई म्हणाल्या, "अ गोट विथ अ लाँग बिअर्ड." आता मागची सगळी बाकं पोट धरून हसत होती. खायला काय दिलं? साबेरा गोंधळून म्हणाली, "फॅट वाइफ." सिकंदर उभा राहिला, इकडं तिकडं पाहिलं आणि सवयीनं म्हणाला, "हॅलो, हॅलो."

सरांनी पुस्तक मिटलं. हशा थांबला. हंबीरराव भिंतीकडेच्या बाकावरून उठले.

"सर, ह्यांची काय चूक न्हाई. ही सगळी योजना माजी. तुमाला बरं वाटावं म्हनून एकेक उत्तर पाठ केलं हुतं. आमाला कुनालाच काय येत न्हाई, सर."

सर खुर्चीत बसले. "म्हणजे मी म्हणत होतो तेच खरं," ते हळू म्हणाले. "मी क्रमानं विचारायचो. वाटायचं, कुणाची फजिती नको. त्यात तुमचं शिकणंच राहून गेलं."

हंबीररावांना वाटलं, या माणसाला आपण खंडाळ्याहून इथवर आणलं ते हे ऐकवायला का? यापेक्षा मेळावा झालाच नसता तर बरं.

मग शालूबाईच बोलल्या. "पर सर, ह्यो अर्जुना मगाशी दारात काय बोलत हुता? त्ये कुटल्या धड्यातलं?"

सगळ्यांनी अर्जुनाकडं पाहिलं. सरांनीही.

"कुठं शिकलास रे तू हे?" त्यांनी विचारलं.

"हितंच की, सर. ह्याच दारात." अर्जुनाला प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुमी रोज इचारायचा, व्हाय आर यू लेट. इंग्रजीत सांगितल्याबिगर आत घ्यायचा न्हाई, आन् कालचं कारन आज चालायचं न्हाई. रोज नवं कारन कुटनं आनायचं? मग वाटेतलं जे दिसंल ते सांगायचो. म्हस, वढा, म्हातारी, काय बी. आता केरळच्या यापाऱ्यांस्नी गाडी का पोचली न्हाई ते ह्याच इंग्रजीत सांगतो. धंदाच उशिराचा हाय, सर. ह्येवढंच लागतंय."

सर हसू लागले, खांदे हलवून, कोटाच्या बाहीनं डोळे पुसत. "आणि मी तुला चार वर्षं शिक्षा म्हणून उभं करत होतो," ते म्हणाले.

जेवणं झाली. जिलेबीनंतर सुपारी कातरता कातरता हंबीरराव दुसऱ्या तासाचं काही ठरवू लागले, तशा शालूबाई पुढं झाल्या. "आवं सुभेदार, आता तुमी काय बी ठरवू नगा. आमी बगतो."

घंटा झाली. सर वर्गात आले आणि दचकले. वर्ग सगळा रिकामा. एकही पोरगं नाही. ते खुर्चीत बसून वाट पाहू लागले, तेवढ्यात दारातून आवाज आला. "मे आय कम इन, सर?"

दाराबाहेर अख्खी दहावी रांगेनं उभी होती. सर्वांत पुढं भाऊसो.

"व्हाय आर यू लेट?"

"सर... जिलेबी. टू मच जिलेबी. आय स्लीप."

"कम इन."

शालूबाईंनी सांगितलं की सून रागावली आहे, तिला फोनवर सॉरी म्हणत होते. तेही कसं, तर "डॉटर-इन-लॉ अँग्री, आय से सॉरी, शी लाफ." साबेरानं चप्पल हरवल्याचं सांगितलं आणि कुठल्या पायातली तेही सांगितलं. सिकंदर म्हणाला, "सर, मंडप फॉल." सरांनी विचारलं, कधी? "टुमारो, सर," सिकंदर म्हणाला आणि सर हसत हसत त्याला आत घेते झाले. कुणाचं वाक्य सरळ नव्हतं. पण कुणाचं उत्तर दुसऱ्याचं नव्हतं.

शेवटी दारात हंबीरराव उरले. आयुष्यात ते कुठंही उशिरा पोहोचले नव्हते, त्यामुळे त्यांच्यापाशी कारणच नव्हतं. सर उठून उंबऱ्यापर्यंत आले.

"व्हाय आर यू लेट, हंबीर?"

हंबीररावांचे हात आपोआप पॅंटच्या शिवणीला लागले.

"सर... आय वेंट टू आर्मी. आय डिड नॉट टेल यू." पुढचा शब्द सापडायला वेळ लागला. "यू केम टू माय हाऊस. मदर टोल्ड. आय... आय कम टुडे, सर."

सरांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात हंबीररावांच्या खांद्यावर ठेवला.

"कम इन," ते म्हणाले. "बस जागेवर. पण हे कारण पुन्हा चालणार नाही."