वाढत्या अंगाची बंदूक

ओतूरच्या एका दूध सोसायटीत कारकुनी करणाऱ्या चांगदेवाला निर्णय घ्यायची फारशी सवय नव्हती. घरातले निर्णय बायको इंद्रायणी घ्यायची आणि सोसायटीतले चेअरमन. त्यामुळे एखादा निर्णय वाट चुकून त्याच्याकडे आलाच, तर तो त्याला सहजासहजी सोडायचा नाही.

हा निर्णय आला लेकीमुळे. आठवीतल्या समृद्धीने गावच्या यात्रेत फुग्यांच्या स्टॉलवर इतके फुगे फोडले, की स्टॉलवाल्याने हात जोडले, "ताई, आता जरा पाळन्यात बसा." ही बातमी शाळेत पोचली आणि खेळाच्या सरांनी तिचं नाव जुन्नरच्या नेमबाजी स्पर्धेत घातलं. निवड झाली तर पुढे पुणं. अट एकच, बंदूक ज्याची त्याने आणायची.

"नवी कशाला पायजे?" चांगदेव म्हणाला. "आमच्या दादांची हाय की माळ्यावर!"

दादा म्हणजे त्याचे वडील धर्माजी. आपल्या छऱ्याच्या बंदुकीने ते पेरूवरचे पोपट उडवायचे. (छर्रा एकाही पोपटाला लागला नाही. ते धर्माजींच्या शिव्यांना भिऊन उडायचे.) नळी अजून शाबूत होती, पण खांद्याला टेकवायच्या लाकडी दस्त्याचा वाळवीने पार भुगा केला होता. चांगदेव बंदूक पोत्यात गुंडाळून जुन्नरच्या पीरमहंमद सुतारांकडे गेला.

"पोरगी केवढी हाय?" चाचांनी विचारलं.

चांगदेवाने आपल्या छातीपाशी हात धरला. मग थोडा विचार करून तो कानापर्यंत वर नेला. "पन वाढत्या अंगाचा करा, चाचा. कॉलेजापतुर पुरला पायजे."

चाचांना हे लगेच पटलं. आपल्याकडे पोरांचं सगळंच वाढत्या अंगाचं असतं. फ्रॉकला दुमड घालायची, बुटात कापूस कोंबायचा, आणि वस्तू मापात बसेपर्यंत ती फाटलेली असायची. "आमच्या हमदानची शेरवानी तशीच शिवली व्हती," चाचा म्हणाले. "निकाहाच्या दिवशी बोटंच दिसंनात पोराची!"

दस्ता झाला मात्र देखणा. शिसवीचा, चकचकीत, आणि लांब. समृद्धीने तो खांद्याला लावला, तर बोट घोड्यापर्यंत पोचेना.

"अण्णा, हात पुरत न्हाई."

"पुरंल गं. वाढशील की!"

"स्पर्धा रविवारी हाय, अण्णा."

चांगदेवाने तो मुद्दा पुढे ढकलला (सोसायटीत ही त्याची रोजची रीत) आणि नेम बसवायला घेतला. परसात वाळूचं पोतं उभं करून त्यावर कागद डकवला. नळीच्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरायचा बारका खुंट, मागच्या खाचेत दिसली पाहिजे, हे त्याला ठाऊक होतं. अडचण डोळ्यांची होती. त्याचा डावा डोळा एकटा मिटतच नसे. तो मिटला की उजवाही त्याच्या सोबतीला जायचा.

छर्रा उजवीकडे गेला. म्हणून चांगदेवाने खाच आणखी उजवीकडे सरकवली. पुढचा छर्रा शेजारच्या साळुबाईंच्या छपरावरच्या भोपळ्यात शिरला.

"आरं मुडद्या, भोपळ्यानं तुझं काय घोडं मारलं?" साळुबाई ओरडल्या.

त्याने खाच अजून सरकवली. बादली गेली, वाळवणावरचा एक पापड गेला. मग कसा कोण जाणे, एक छर्रा कागदाच्या बरोबर मधोमध लागला. चांगदेवाने तिथल्या तिथे स्क्रू आवळले आणि जाहीर केलं, "बसला नेम! आता हात लावायचा न्हाई कुनी."

शनिवारी समृद्धीने हात ताणून, मान वेडीवाकडी करून बंदूक चालवली. कागद कोराच राहिला. बंदूक भिंतीला टेकवून ती पायरीवर बसली. "मी न्हाई जात उद्या," ती म्हणाली आणि तिने गुडघ्यात तोंड लपवलं.

चांगदेवाने तिच्याकडे पाहिलं. पोरीने आजवर कधी काही मागितलं नव्हतं. ही पहिलीच गोष्ट तिला मनापासून हवी होती, आणि तीच आपण बिघडवली. पण तसं म्हणायचं सोडून तो भिंतीला टेकवलेली बंदूक फडक्याने पुसत बसला.

इंद्रायणी घरी ब्लाउज शिवायची. ती टेप घेऊन बाहेर आली आणि बाही मोजावी तसा तिने दस्ता लेकीच्या कोपरात धरून बोटापर्यंत मोजला. मग खडूने रेघ मारली.

"करवत आना."

"अगं, शिसवी हाय ती!"

"आनि ही पोरगी हाय. आना करवत."

चांगदेवाने करवत आणली. एवढंच नव्हे, तर दस्ता पाटावर घट्ट दाबूनही धरला. (कापलेला तुकडा त्याने कपाटात ठेवला. वाढली की चिकटवू!)

आता बंदूक समृद्धीच्या खांद्यात नीट बसली. तिने सावकाश पाच छर्रे मारले. पाचही कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून.

"पाची चुकले की गं," चांगदेव हळहळला.

"पन एकाच जागी चुकल्यात, अण्णा!" तिचे डोळे चमकले. "म्हंजी माजा हात बराबर हाय, बंदूक वाकडं बघतीय. तुमचे कसे, भोपळ्यात एक, पापडात एक, तवा चूक..."

पुढचं तिने गिळलं. मागची खाच तिने जराशी वर आणि डावीकडे सरकवली. पुढचा छर्रा मधल्या ठिपक्याला चाटून गेला, त्याच्या पुढचा ठिपक्यात. पलीकडे साळुबाईंनी उरलेले भोपळे उतरवून घेतले होते, ते उगाच.

रविवारी जुन्नरला समृद्धी दुसरी आली. पुण्याची निवड पक्की झाली! सरांनी बंदूक न्याहाळली. "दस्ता अगदी मापात आहे. कुणी बसवला?"

चांगदेवाने छाती पुढे काढली, लेकीकडे पाहिलं आणि काढलेली छाती परत आत घेतली. "तिच्या आईनं," तो म्हणाला. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी इंद्रायणीने त्याच्यापुढे नवाकोरा सदरा टाकला. चांगदेवाने तो उलगडून दोन्ही हातांनी ताणून धरला. आत आणखी एक माणूस मावला असता.

"एवढा ढगळ?"

"वाढत्या अंगाचा शिवलाय," ती म्हणाली. "काय करता, दोन-तीन वर्सं तरी पुरला पायजे."

मायलेकी हसत सुटल्या. त्यांना गप्प करायला चांगदेवाने सदरा तिथल्या तिथे अंगात घालून दाखवला.

पोटावर तो अगदी मापात बसला.