रोहिणीचे वजन पस्तीस किलो

अवघड विषय सोपा करून सांगावा तो मीच, असे मी आजही म्हणतो! तंत्रनिकेतनातून यांत्रिकीची पदविका घेतल्यापासून पाण्याच्या पंपापासून शिलाईयंत्रापर्यंत जे जे कोणाला कळले नाही, ते ते मी समजावून दिले आहे. एकदा माझे ऐकलेला माणूस पुन्हा विचारायला आला नाही. त्याला ते कायमचे समजले, याहून वेगळा निष्कर्ष निघत नाही.

१९८० सालच्या जुलैत मी राणीसावरगावला बहिणीकडे गेलो होतो. तिच्या मुलीला, रोहिणीला, पाहायला पाथरीहून पाहुणे यायचे होते. मुलाचे वडील माणिकराव आधीच पसंती देऊन गेले होते. पण त्या घरात शेवटचा शब्द मुलाच्या आईचा, चतुराबाईंचा. आपल्या मुलाला, म्हणजे चंद्रभानला, घेऊन त्या स्वतः येणार होत्या. आणि या बाईंनी आजवर पाहिलेली एकूण एक मुलगी नाकारली होती! कोणाचा आवाज मोठा, कोणाचे पाऊल मोठे, एकीच्या तर मामाचे नाक मोठे! माझे मेहुणे किशनराव सकाळपासून घाण्याच्या बैलासारखे ओसरीवर फिरत होते.

"पाव्हणं," ते मला म्हणाले, "तुमी फकस्त बसून ऱ्हावा. मामा इंजनेर हाय, येवढं दिसलं की बस झालं."

मी बसलो. पण तेवढ्यात शेजारचे बन्सीधर आले.

"मामा, रेडिओवर सांगायलेत, आपल्या देशानं आपल्याच राकेटावर उपग्रह सोडला मनून. ते काय हाय?"

आता तहानलेल्याने पाणी मागावे आणि विहिरीने तोंड फिरवावे काय? मी दाराकडे पाठ करून ऐसपैस मांडी घातली.

"रॉकेट चार टप्प्यांचे. चारही टप्प्यांत घन इंधन."

"घण? लोहाराचा?"

"घन म्हणजे घट्ट. पातळ नव्हे."

"मंजे गवऱ्या!"

"तत्त्वतः गवऱ्याच! पण दारूच्या."

"दारूच्या?" बन्सीधर सावरून बसले.

"शोभेच्या दारूसारखी म्हणा. रबरासारख्या पदार्थात मळून नळकांड्यात भरायची. ती घट्ट होते. एकदा पेटली की विझत नाही. एक टप्पा जळाला की गळून पडतो, मग दुसरा पेटतो. आधी केरळातून लहान रॉकेटे उडवली. ती नुसती वर जाऊन खाली यायची. मग कित्येक वर्षे खपून हे मोठे केले. त्याच्या टोकावर बसवलेल्या उपग्रहाचे नाव रोहिणी. आता ध्यान देऊन ऐका!"

नेमक्या याच वेळी चतुराबाई चिखल चुकवीत, मुलाला मागे घेऊन, आमच्या दारात येऊन थबकल्या होत्या. पाठीला डोळे नसल्याने मला ते कळण्याचा मार्ग नव्हता. कोणी बोलत असता मध्येच शिरू नये, एवढी रीत त्यांना होती. त्या ऐकत राहिल्या.

"मागच्या वर्षी रोहिणी श्रीहरिकोट्याहून निघाली," मी खणखणीत आवाजात म्हणालो, "पण वाटेतच तोल गेला आणि समुद्रात पडली!"

"आरारारा!"

"पण मंडळींनी हिंमत सोडली नाही. परवा पुन्हा श्रीहरिकोट्याहूनच रोहिणीला उडवले. सगळा जोर त्या दारूचा! आता ती रात्रंदिवस बाहेर फिरते आहे."

"वजन किती आसंल?"

"रोहिणीचे? फक्त पस्तीस किलो!"

"टिकंल का?"

"वर्ष-दीड वर्ष. मग खाली येता येता जळून राख!"

दाराशी बांगड्या वाजल्या.

"ह्यो श्रीहरी कोट्या कोन?" चतुराबाईंनी विचारले.

पाय धुण्यासाठी पाणी घेऊन आलेल्या किशनरावांच्या हातून तांब्या सुटला.

"कोट्या नव्हे, कोटा," मी चूक दुरुस्त केली. "आणि तो माणूस नव्हे. बेट आहे."

"बेट? मंजे पोरगी त्येच्यासंगं बेटावर ऱ्हायली?"

"बाई, तो उपग्रह आहे!"

"ग्रह?" चतुराबाईंनी कपाळावर हात मारला. "आगं माय! दारुडा मानूस, समिंदर, पस्तीस किलोचं हाडूक, अन् वर ग्रहबी हाय! पत्रिकेत दडवला व्हय, किशनराव?"

"आवो, आमची पोरगी कवा गंगाखेडच्या फुडं गेली न्हाई!" किशनराव रडकुंडीला आले.

"मंग उडाली कोन?"

"रोहिणीच!" मी म्हणालो. खोटे बोलणे माझ्या स्वभावात नाही.

"चंद्रभान, चल! आलो ती जीप जायच्या आत चल!"

चंद्रभान निमूटपणे वळला. आतून बहिणीचा हुंदका ऐकू आला. तेवढ्यात चहाचे ताट घेऊन रोहिणी बाहेर आली आणि चतुराबाईंच्या वाटेतच उभी राहिली.

"मावशी, मामा आभाळातल्या यंत्राचं सांगायलेत. त्येचं अन् माजं नाव एकच हाय, त्याला मी काय करू? समिंदर म्या कॅलेंडरात बघितलाय. अन् वजनाचा वहीम आसंल, तर पोत्याचा काटा तितं टांगलाय. तोला!"

चतुराबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. डोळ्यांना पस्तीस किलो पटत नव्हते. पण कानांवर त्यांचा विश्वास अधिक.

"तोला," त्या म्हणाल्या.

सगळे गोठ्याशी गेलो. काटा होता, भरले पोते पेलणारी दोन पारडीही होती. पण वजने दुकानदाराने नेलेली!

"मग ह्यांना बसवा की दुसऱ्या बाजूला," रोहिणी म्हणाली.

चंद्रभानने आईकडे पाहिले, वहाणा काढल्या आणि पारड्यात मांडी घातली. रोहिणी पदर खोचून समोरच्या पारड्यात बसली. काटा करकरला. रोहिणीचे पारडे धप्पकन जमिनीला टेकले आणि चंद्रभान बैलांच्या शिंगांवरून वर निघून गेला!



"मला पसंत हाय," चंद्रभान वरूनच म्हणाला. त्या दिवशी त्याचा आवाज आम्ही प्रथमच ऐकला.

आता किशनरावांना कंठ फुटला. "चतुराबाई, माफी असावी, पर आता आमालाच इचार करावा लागंल. पोरगं लय हलकं हाय!"

"हलका न्हाई वो, काटक हाय!" चतुराबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "लानपनापासनं तसाच हाय. दुरडीभर भाकरी खातोय, पर अंगी लागत न्हाई! आता ही पोरगी घरात आली की तिच्याकडं बघून तरी भरंल." आणि त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमी शिकल्यालं हाव. तुमीच सांगा यांना समजावून!"

अखेर योग्य माणसाला विचारले गेले! मी घसा साफ केला, उपरणे सावरले आणि तोंड उघडले. त्या उघड्या तोंडात माझ्या बहिणीने शेंगदाण्याचा अख्खा लाडू कोंबला.

सोयरीक जमल्यावर तोंड गोड करतात, ही रीत मला ठाऊक आहे. माझे मात्र जमण्याआधीच केले गेले. आणि लाडू इतका कडक होता, की तो चावून होईतो लग्नाची तिथीसुद्धा ठरली होती.