पिकायला घातलेली गिटार

यंदा एप्रिल लागला आणि मी ठरवलं, की काहीही झालं तरी गिटारला जळगावचा उन्हाळा लागू द्यायचा नाही. निर्णय तसा साधाच होता. लोक सुट्टीत मुलांना मामाच्या गावाला पाठवतात, मी गिटारला पाठवणार होतो. एवढ्याशा निर्णयावरून माणूस भर स्टेजवर रडण्यापर्यंत कसा पोचतो, ते सांगतो. (खुशाल हसा. घरातले हसून झालेत.)

ही गिटार मी लग्नाच्या आधी पुण्याहून आणली. मागची बाजू शिसवीची, पुढची फळी मधाच्या रंगाची, आणि आजतागायत अंगावर एक ओरखडा नाही. ओरखडा येणार तरी कुठून? ती कपाटात, मखमली अस्तराच्या पेटीत झोपलेली असते. दर रविवारी मी तिला बाहेर काढतो. त्याआधी हात धुतो, अंगठी आणि घड्याळ काढतो, पट्ट्याचं बक्कल लागू नये म्हणून पँट बदलून लेंगा घालतो. मग चष्म्याच्या मऊ फडक्याने तिला पुसतो, डोळे भरून बघतो आणि परत ठेवतो. वाजवत नाही. वाजवली की घाम तारांना लागतो, नखं लाकडाला लागतात आणि नव्या वस्तूची जुनी वस्तू होते.

माझ्या बायकोला, म्हणजे प्रज्ञाला, हे अजिबात पटत नाही. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचं शेवटी काहीतरी उत्तर आलंच पाहिजे असा तिचा हट्ट असतो. त्यात तिची एक जुनी तक्रार आहे. बघण्याच्या कार्यक्रमात माझ्या मामांनी ‘मुलगा गिटार वाजवतो’ असं ठणकावून सांगितलं होतं. तिला तेव्हा एका इंजिनिअरचंही स्थळ आलेलं होतं आणि मी सरकारी कचेरीतला कारकून. तरी तिने मला होकार दिला. लग्नाला दहा वर्षं होऊन गेली, पण तिने गिटारचा एक सूर ऐकलेला नाही.

“अहो, वाजवत का नाही तुम्ही?”

“खराब होईल गं.”

“मग घेतली कशाला?”

“चांगली राहावी म्हणून.”

यावर ती माझ्याकडे नापास मुलाकडे बघावं तशी बघते आणि वह्या तपासायला बसते.

पण यंदा तिने नुसतं बघण्यावर भागवलं नाही. पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत महिला मंडळ आहे आणि प्रज्ञा त्याची सचिव आहे. चौदा एप्रिलला, जयंतीच्या संध्याकाळी, बुद्धविहारासमोरच्या स्टेजवर मंडळ एक गीत म्हणणार होतं. गीत मंडळातल्या सुनंदाबाईंनी स्वतः रचलेलं. मी ऑफिसमधून स्कूटरवर येत होतो, तर चौकात फ्लेक्स लागलेला. गीत, गायिका, ढोलकी अशी नावं होती आणि सगळ्यात खाली मोठ्या अक्षरांत ‘गिटार : आयु. धम्मपाल’. मी स्कूटर बाजूला घेतली आणि आमच्या कॉलनीत दुसरा कोणी धम्मपाल राहतो का, याचा विचार केला. कोणी राहत नव्हता.

“मला न विचारता?” मी घरात शिरतानाच ओरडलो.

“विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात,” ती शांतपणे म्हणाली. “कॉलनीतल्या बायकांना मी लग्न झाल्यापासून सांगतेय, माझा नवरा गिटार वाजवतो. आता त्या तोंडावर हसतात. शेवंताबाई परवा म्हणाल्या, ‘तुझ्या घरात गिटार आहे की नुसती पेटीच आहे?’ मला वाईट वाटतं हो. एकदा, फक्त एकदा, सगळ्यांसमोर वाजवा.”

तिचा आवाज जरा ओला झाला होता. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याच वेळी डोळ्यांसमोर ते स्टेज आलं. धूळ, ऊन, ढोलकीवाल्याचं कोपर, आणि ‘जरा बघू’ म्हणत गिटारला हात लावणारी सगळी कॉलनी. माझा निश्चय झाला. बायकोला दुखवायचं नाही आणि गिटारलाही दुखवायचं नाही. गिटार गावातच नसली तर दोन्ही साधतं. (असे विचार मला एरवी स्कूटरवर सुचतात, म्हणून प्रज्ञा मागे बसत नाही.)

माझा कॉलेजचा मित्र प्रेमराज मूळचा धुळ्याकडचा, पण केळीच्या धंद्यासाठी रावेरला स्थायिक झाला आहे. त्याचं केळी पिकवण्याचं चेंबर आहे. बाहेर लोक भाजून निघत असतात आणि आत त्याची केळी आरामात गारव्यात पडलेली असतात. गिटारच्या लाकडाला गारवा आणि ओलावा लागतो, हे मी मोबाइलवर वाचलं होतं. किती ओलावा लागतो हे त्याच लेखात खाली दिलं होतं म्हणे, पण तेवढ्यात साहेबांनी बोलावलं आणि ते वाचायचं राहिलं.

मी कामाचं निमित्त काढून रावेर गाठलं.

“काही काळजी करू नको भो,” प्रेमराज म्हणाला. “आठे बठ्ठं गार शे.” म्हणजे इथे सगळं गार आहे.

कच्च्या केळीच्या क्रेटच्या थप्पीवर, सगळ्यात वर, मी पेटी ठेवली. लाकडाला श्वास घेता यावा म्हणून झाकण उघडं ठेवलं. हवेत इतका दमटपणा होता की माझ्या चष्म्यावर वाफ धरली. मी गिटारला म्हटलं, मजा आहे तुझी.

पुढे रोज मी बाथरूममध्ये जाऊन प्रेमराजला फोन करायचो. जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी असाच फोन चालला होता.

“कशी आहे ती? गार वाटतंय ना तिला? अंगावर काही टाकू नकोस रे. आणि कोणाला हात लावू देऊ नकोस.”

दार उघडून बाहेर आलो तर समोर प्रज्ञा उभी.

“कोण आहे ती?”

“गिटार,” मी म्हणालो.

“वाटलंच मला. बाईची एवढी चौकशी तुम्ही केली नसती.” मग तिच्या डोक्यात उजेड पडला. ती कपाटाकडे धावली. कपाट रिकामं. तिने माझ्या हातातला चालू फोन काढून घेतला आणि त्यावरचं नाव वाचलं. “प्रेमराजभाऊ, गिटार आजच्या आज पाठवा.”

पलीकडून आवाज आला, “वहिनी, आतेच गॅस सोडेल शे. उद्या दुपारलोंग दार उघडाव नही.”

केळी पिकवण्यासाठी गॅस सोडला की चेंबर बंद ठेवावं लागतं, मध्ये उघडलं तर सगळा माल अर्धवट राहतो. ही माहिती मला नव्हती. खरं सांगायचं तर मला आशा वाटली. “अरेरे,” मी म्हणालो, “आता काय करणार?”

“उद्या दार उघडलं की थेट विहारासमोर आणा, भाऊ,” ती फोनमध्ये म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “केळीसोबत पिकून येऊ दे, नाहीतर सडून येऊ दे. तुम्ही वाजवणार.”

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर प्रेमराज पिकअप घेऊन हजर झाला. मागे पिवळीधमक केळी आणि त्यांच्या मधोमध माझी पेटी. त्याच्या माणसांनी गडबडीत पेटीवरही केळीची स्टिकरं लावली होती. ‘निर्यातीसाठी’ असं त्यावर छापलेलं होतं.

“तुनी गिटार बी पिकी गयी रे भो!” प्रेमराज खाली उतरत म्हणाला.

मी झाकण उचललं आणि मटकन बसलो. मधाच्या रंगाच्या फळीला फुगून पोट आलं होतं. चकचकीत तारांवर तांबडा गंज होता आणि त्या वर उचलल्या गेल्या होत्या, इतक्या की खालून माझं बोट सहज गेलं. मखमली अस्तराला पांढरी बुरशी आली होती. आणि वास! ज्या गिटारला मी दहा वर्षं कोणाचा घाम लागू दिला नाही, तिला पिकल्या केळ्यांचा घमघमाट सुटला होता. एवढी जपून, एवढी पुसून, शेवटी माझ्याच हातांनी मी तिची वाट लावली होती.

प्रज्ञा शेजारी येऊन बसली. आता ती बोलणार, असं मला वाटलं. पण ती गिटारकडे बघून हळूच म्हणाली, “फार वाईट झालं हो. पण मी काही लाकूड बघून होकार दिला नव्हता. वाजवणारा बघून दिला होता.”

माणसाला पेटून उठायला एवढं पुरतं. मी लेंगा वगैरे न घालता, पट्ट्याच्या बक्कलासकट गिटार पोटाशी धरली आणि उठलो. “आज वाजवणारच,” मी म्हणालो, “तारा तुटोत नाहीतर बोटं तुटोत.”

स्टेजवर बायका निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्यांत उभ्या राहिल्या. मला प्रज्ञाच्या शेजारी खुर्ची मिळाली. समोर माईक. ढोलकी सुरू झाली, सुनंदाबाईंनी पहिली ओळ उचलली आणि मी तारा दाबल्या. दाबल्या म्हणजे काय, गंजलेली काटेरी तार एवढ्या उंचीवरून खाली नेणं म्हणजे विहिरीतून बादली ओढण्याचं काम, फक्त उलट्या दिशेने. आणि बोटं माझी मऊ मऊ, दहा वर्षांत फडक्याशिवाय कशाला लागलेली नाहीत. पहिल्या कडव्यात कातडी सोलली. दुसऱ्यात डोळ्यांतून पाणी आलं. पण मी थांबलो नाही. तीन कॉर्ड मला येत होते, ते मी आलटून पालटून, दात आवळून, शेवटपर्यंत वाजवले.

गाणं संपलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवंताबाई पदराने डोळे पुसत स्टेजपाशी आल्या. “भाऊ, किती जीव ओतून वाजवलंस रे! डोळ्यांना धार लागली होती तुझ्या.” मग प्रज्ञाकडे वळून म्हणाल्या, “पोरी, तू खरंच सांगत होतीस.” प्रज्ञाचा चेहरा तेव्हा जो फुलला, तो बघून माझी बोटं दुखायची थांबली. (थोडा वेळ.)

मंडपात लोक मला केळी देत होते आणि मी ती सोललेल्या बोटांनी सोलत होतो. इतका मान मला ऑफिसात कधी मिळाला नाही. त्याच तोऱ्यात मी वायरी गुंडाळणाऱ्या युवराजजवळ गेलो. स्पीकरचं काम त्याचं.

“काय युवराज, गिटारचा आवाज मागेपर्यंत पोचला ना?”

युवराजने वायर खाली ठेवली. “सर, तुमचा माईक बंद होता.”

“बंद? कधी बंद पडला?”

“पडला नाही, मी केला. पहिल्याच ओळीला. मॅडमनी खूण केली तशी.”

मी तसाच प्रज्ञाकडे गेलो. ती बायकांच्या घोळक्यात हसत उभी होती. तिला बाजूला घेऊन विचारलं, “मी वाजवावं म्हणून तूच एवढी अडून बसलीस ना? तुला ऐकायचं होतं ना?”

“ऐकलं की,” ती म्हणाली. “मी शेजारीच उभी होते. म्हणून तर खूण केली.”

तिने माझा हात हातात घेतला, बोटांकडे बघितलं, पर्समधली हळदीची क्रीम काढली आणि एकेका बोटाला लावत म्हणाली, “पण छान दिसत होतात हो. उद्यापासून रोज वाजवा. रोज वाजवलंत ना, तर पुढच्या वर्षी माईक चालू ठेवायला सांगेन.”

“खरंच?”

“हो तर,” ती म्हणाली. “निदान शेवटच्या ओळीला.”