रंगोपंतांनी न ऐकलेले पत्र

ते पत्र मी रंगोपंतांना ऐकवले नाही, ही माझी चूक. आणि ऐकवले म्हणून सांगितले, ही त्याहून मोठी. हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर मी त्यांच्या गमती सांगत बसेन, तुम्ही हसाल, आणि मुख्य गोष्ट शेवटावर ढकलली जाईल. माझी ही खोड एकदा एका घराला फार भोवली आहे.

रंगोपंत आमच्या सरदारांच्या फडावर वडील कारकून होते. नारायण पेठेतल्या कचेरीच्या लांब सोप्यात आम्ही सगळे भिंतीला टेकून, गुडघ्यावर कागद घेऊन बसत असू. कोणतेही पत्र थैलीत जाण्याआधी रंगोपंतांच्या कानांवरून जायचे, आणि ऐकताना ते रंगोपंत राहत नसत. त्यांच्या गादीमागे भिंतीला खुंट्या होत्या. एकीवर लष्करी मुंडासे, एकीवर सावकारी पगडी, एकीवर जोशीबुवांचे पागोटे, आणि कोपऱ्यातल्या खुंटीवर एक जुने हिरवे लुगडे. पत्र ज्याला जायचे त्याला शोभेल ते डोक्यावर चढवून ते मांडी बदलत आणि म्हणत, "हं. मी आता रंगोपंत नाही. वाच."

आपण वाचायचे. मध्येच ते पगडीखाली बोट घालून म्हणायचे, "इथं डोकं खाजलं." तेवढ्या ओळीवर काट मारायची. कारण विचारायचे नाही. विचारलेच तर उत्तर मिळे, "मला काय माहीत? ज्याची पगडी त्याला खाजलं."

एका किल्लेदाराकडे घोड्यांसाठी गवत मागायचे होते. मी तेव्हा नुकताच फडावर लागलो होतो आणि अक्षर चांगले म्हणून माझे कौतुक होत होते. मोठ्या उमेदीने वाचू लागलो. मुंडासे बांधलेले रंगोपंत डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "अहो कारकून, चार ओळी झाल्या, अजून माझा प्रतापसूर्य उगवतोच आहे. गवत कधी मागणार? तोवर घोडी मरतील तुमची."

सगळा सोपा हसला. मी सूर्य खोडला. पण माझी ओळ कापली की मला बोट कापल्यासारखे वाटे.

एकदा एका मानी सरदाराचे पत्र ऐकता ऐकता ते इतके चिडले, की पाट मांडले तरी उठेनात. "ज्या घरात आम्हांला 'आपण' ऐवजी 'तुम्ही' लिहितात, तिथलं आम्ही पाणी पीत नाही." आम्ही 'आपण' घातले, पुन्हा वाचले. मग त्यांनी पगडी उतरवली आणि अगदी साध्या आवाजात मला विचारले, "सदोबा, ताक शिल्लक आहे का रे?"

स्वतःच्या मसुद्यालाही ते सोडत नसत. आपल्या जागी बसून लिहायचे, मग उठून समोर जाऊन बसायचे, पगडी चढवायची आणि रिकाम्या गादीकडे बघून ओरडायचे, "रंगोपंत, हे काय लिहिलंत? शुद्धीवर आहात का?" पुन्हा लगबगीने परत यायचे, पगडी काढायची आणि हात जोडायचे, "चुकलं साहेब. आत्ता बदलतो." उन्हाळ्यात या येरझाऱ्यांनी त्यांना घाम फुटे. सदाशिव पेठेत त्यांना 'सोंगे' म्हणत. हे नाव मीच पाडले होते. पंक्तीत त्यांची नक्कल करायला लोक मला मुद्दाम बोलवायचे.

एरवी ते शिकवत वगैरे नसत. एकदाच म्हणाले होते, "लिहिताना तू इथं असतोस, सदोबा. वाचणारा तिथं. मधे घाट आहे, नदी आहे. एकदा तिकडे जाऊन बस आणि तुझंच पत्र ऐक. बघ कसं लागतं." मी मान डोलावली आणि संध्याकाळी तेही नकलेत घातले.

पत्रांची ने-आण करणारा जासूद आला की ते थैलीकडे जरा मान वर करून बघत. त्यांच्या नावाचे पत्र मात्र फडावर कधी आलेले मला आठवत नाही.

त्या वर्षी उत्तरेत मोहीम चालू होती. मावळातल्या एका खेड्याचा स्वार तटावर चढताना पडला. सरदारांनी सांगितले, त्याच्या आईला चांगले पत्र लिहा. काम माझ्याकडे आले. मी मन ओतून लिहिले. आधी त्याचे कूळ, मग त्याचे शौर्य. सर्वांच्या आधी तो तटावर कसा चढला, सरदारांनी भर छावणीत त्याची कशी वाहवा केली, घराण्याला जमीन इनाम देण्याचे कसे ठरले. आणि मग, कागद उलटल्यावर, जड अंतःकरणाने, तो गेल्याची ओळ. लिहिताना माझेच डोळे भरून आले. असे पत्र या फडावरून कधी गेले नसेल, असे मला वाटले.

आता ते ऐकवायचे होते. म्हणजे रंगोपंत हिरवे लुगडे डोक्यावरून घेणार, मिशांसकट त्या म्हातारीसारखे बसणार आणि माझ्या सर्वांत सुंदर ओळीवर डोके खाजवणार. मला ते सोसवेना. त्यांची वामकुक्षी चालू होती. येसू जासूद घोडे कसून दारात उभा होता. "पंतांनी ऐकलं?" त्याने विचारले. "ऐकलं," मी म्हणालो.

येसू परत आला तो पागोटे हातात घेऊन. सगळ्या फडासमोर त्याने सांगितले. चावडीवर गाव जमला होता. कुलकर्णी मोठ्याने वाचत होता. तटावर चढल्याचे आले तशी लोकांनी आरोळी दिली. इनामाचे आले तशी म्हातारी उठली, घरातून गुळाची ढेप आणली आणि येईल त्याच्या तोंडात खडा घालू लागली. "माझ्या तोंडातबी घातला," येसू म्हणाला. कुलकर्ण्याने हसत हसत गूळ खाल्ला, कागद उलटला आणि पुढचे वाचले. अर्ध्या गावाच्या तोंडात तेव्हा गूळ होता.

दिवाणजींनी विचारले, "पंत, हे पत्र आपण ऐकलं होतंत ना?"

रंगोपंतांनी माझ्याकडे पाहिले. मी दौतीत पाहिले.

"ऐकलं असेल," ते म्हणाले. "वय झालं. ऐकता ऐकता डोळा लागला असेल."

"डोळाच लावायचा तर ही सोंगं कशाला हवीत?" दिवाणजी म्हणाले. दुसऱ्या दिवशी खुंट्या रिकाम्या झाल्या. रंगोपंतांना आतल्या खोलीत जुने कागद कापडी रुमालांत बांधून ठेवायला बसवले. पत्रे आम्ही लिहू तशी जाऊ लागली. मला त्यांनी कधी टोमणा मारला नाही. टोमणा मारला असता तर बरे झाले असते.

एकदाच, जाता जाता थांबले. "त्या बाईला पुन्हा लिहिलंस का रे?"

"मसुदा चालू आहे, पंत."

ते खोटे नव्हते. मी रोज लिहीत होतो. दार लावून, डोक्यावर उपरणे घेऊन, स्वतःलाच वाचून दाखवत होतो. ज्याची नक्कल करून लोकांना हसवले ते आता एकट्याने करत होतो, आणि माझे डोके प्रत्येक ओळीवर खाजत होते. माझा हेतू वाईट नव्हता. खोडले. माझ्या लेखणीला क्षमा असावी. खोडले. मलाही फार दुःख झाले. तिला काय त्याचे? खोडले. खोडत खोडत जे उरे ते इतके थोडे असे, की तेवढ्यासाठी जासूद पाठवायची लाज वाटे. मग मी पुन्हा वाढवत असे. असे काही पावसाळे गेले. एका थंडीत रंगोपंत वारले. घरी कुणी नव्हते. फडावरच्या माणसांनीच नेले. खांदा देतानाही मी मनात मसुदाच करत होतो.

उन्हाळ्यात कागद न घेता त्या गावी गेलो. वाटेत वाक्ये जुळवत होतो आणि टाकून देत होतो. म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत होती. मी म्हणालो, "मी पुण्याच्या फडावरून आलोय. त्या पत्राबद्दल बोलायचं होतं."

"त्याचं काय आता?" ती म्हणाली. "लिवनारा तर कवाच यून ग्येला."

"कोण?"

"म्हातारा व्हता की. म्हनला, बाई, त्यो कागुद म्या लिवला. मंग म्या लई बोलले त्याला. नगं नगं ते बोलले. खाली मान घालून समदं ऐकलं बाबानं. पुन्ना आला. म्हनला, राह्यलं आसंल तर बोला. किती येळा आला! शेवटी मीच दमले. मंग दूध द्याया लागले. हितंच बसून प्यायचा. माज्या लेकाचं इचारायचा, ल्हानपनी कसा व्हता, काय खायचा. त्याला घरी कुनी न्हवतं वाटतं." तिने सुपातली टरफले बाजूला केली. "औंदा आला न्हाई. बरा हाय का?"

माझी जुळवलेली सगळी वाक्ये 'मी'पासून सुरू होत होती. ती तिथे चालणार नव्हती.

"ते वारले, बाई," मी म्हणालो. "गेल्या थंडीत. रंगोपंत त्यांचं नाव."

तिने पदर तोंडाला लावला. मी उन्हात उभा राहिलो. तिने डोळे पुसले, वर पाहिले आणि विचारले, "मंग तू कोन?"

"ते पत्र त्यांनी लिहिलं नव्हतं. मी लिहिलं. त्यांना ऐकवलंही नाही, आणि ऐकवलं म्हणून खोटं सांगितलं. तुमचा मुलगा गेला, हे आधी लिहायला हवं होतं. मी ते शेवटी लिहिलं. माझं चुकलं, बाई. तुमच्याशीही चुकलं, त्यांच्याशीही."