अठरा बर्थचा बंगला

निवृत्तीला चार महिने उरले असताना पद्माकररावांनी एका सकाळी जाहीर केलं, "कुमुद, आपण कंटेनरमध्ये राहायचं! वीस फूट बाय आठ फूट. सगळे प्रश्न मिटले!"

"कशामध्ये?" कुमुदताईंच्या हातातलं लाटणं थांबलं.

तो डबा पद्माकररावांनी गुडगावला पाहिला होता. नवं आर्थिक धोरण आल्यापासून परदेशी माल लोखंडी डब्यांतून येत होता आणि रिकाम्या डब्यांत बिल्डर लोक ऑफिसं थाटत होते. पद्माकररावांनी एक डबा बाहेरून ठोकून पाहिला, आत डोकावले, मॅनेजरचा चहा प्यायले आणि टेपने मापं घेऊन आले. गुडगावच्या पुढे त्यांचा एक टीचभर प्लॉट होता. त्यावर डबा ठेवायचा, की झालं घर!

लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडावं लागणार होतं, हे खरंच. पण पोटातलं कारण वेगळं होतं. दिल्लीतलं मराठी घर म्हणजे धर्मशाळा. हरिद्वारला जाणारे, मथुरेहून येणारे, यूपीएससीच्या मुलाखतीला आलेले, सगळे तिथेच उतरायचे. एकोणतीस वर्षांत पद्माकररावांना स्वतःच्या वेताच्या खुर्चीत बसून रविवारचा पेपर सलग वाचता आला नव्हता. खुर्चीवर कायम कुणाचा तरी ओला टॉवेल! आता डब्यात एक खिडकी, एक खुर्ची. पाहुणा मावणारच नाही! या विचारानेच त्यांना सुखाची झोप लागत असे.

पण माणूस हाडाचा सरकारी. चाचणीशिवाय मंजुरी नाही! डिसेंबरातल्या रविवारी त्यांनी गच्चीवर पांढऱ्या फक्कीने वीस बाय आठचा चौकोन आखला. कॉट, स्टोव्ह, ट्रंक, देव आणि खुर्ची आत मांडली. संध्याकाळपर्यंत रेघेबाहेर पाय टाकायचा नाही, असा हुकूम सुटला.

"बाबा, दरवाजा किधर है?" कॉलेजात जाणाऱ्या रेवतीने विचारलं.

"तिथे, तुळशीच्या कुंडीपाशी. आणि मराठीत बोल!"

"उन्हाळ्यात लोखंड तापलं की?" कुमुदताई.

"कूलर!"

"आणि कॅलेंडर? लोखंडात खिळा कसा ठोकू?"

"लोहचुंबकाने चिकटवायचं!"

हे उत्तर कुमुदताईंना भलतंच आवडलं. मग चुंबकाने चमचे टांगता येतील का, आरसा राहील का, असं त्या स्वतःच विचारू लागल्या. पद्माकरराव खुर्चीत टेकले. कोवळं ऊन होतं. पेपरचं पहिलं पान वाचून झालं! दुसरंही झालं! तिसरं उलटताहेत, तोच जिन्यात ट्रंका आपटल्याचा आवाज आला.

"जावईबापू! अहो, आहात कुठे?"

कुमुदताईंचे मामा, तात्याराव! मागे आठ माणसं. हरिद्वारला निघालेली. येत असल्याचं पत्र दोन दिवसांनी येणार होतं.

एरवी पद्माकररावांचं तोंड कडू झालं असतं. आज ते उठलेसुद्धा नाहीत. चेहरा शक्य तितका दुःखी करून त्यांनी सगळी योजना सांगितली आणि म्हणाले, "यापुढे आमचं घर एवढंच, तात्याराव. तुम्हीच सांगा, इथे माणसं कशी मावणार?"

तात्याराव रेघेपाशी आले. रेल्वेच्या कारखान्यात चाळीस वर्षं प्रवासी डबे बांधलेला माणूस तो. पावलं मोजत त्यांनी रेघेभोवती दोन चकरा मारल्या. जेवणं झाल्यावर त्यांनी कॉट, स्टोव्ह, ट्रंक, देव, खुर्ची, सगळं रेघेबाहेर काढायला लावलं आणि आपली माणसं आडवी, ओळीने निजवली. आठच्या आठ मावली. वर दोन फुटांची वाट शिल्लक!

"जावईबापू, याला घर कोण म्हणतो? हा थ्री टियर आहे!" तात्याराव गरजले. उरलेली फक्की घेऊन ते भराभर रेघा मारू लागले. "हे तीन कप्पे. कप्प्याला सहा बर्थ. अठरा माणसं आरामात!"

निजलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

"अहो, पण स्वयंपाक?" पद्माकरराव घाबरून पुढे सरसावले.

"बाहेर शेड टाकू. पँट्रीच ती!"

"आणि माझी खुर्ची?"

तात्यारावांनी मागे वळून पाहिलं. खुर्चीवर त्यांचाच टॉवेल वाळत होता. "असू दे की, उपयोगी आहे."

मग म्हातारा एकदम गहिवरला. पद्माकररावांचे दोन्ही हात धरून म्हणाला, "चार भाच्यांची घरं हिंडलो. सगळीकडे दिवाण उचला, टेबल सरकवा. मुळातच पाहुण्यांसाठी घर बांधणारा जावई आज पहिल्यांदा पाहिला! गावी गेल्यावर सगळ्यांना सांगतो."

"सगळ्यांना?"

"म्हणजे काय! मे महिन्याचं रिझर्वेशन आत्ताच लिहून ठेवा."

कुमुदताई पदरात तोंड लपवून हसत होत्या. पद्माकररावांनी त्यांच्याकडे मदतीसाठी पाहिलं, मग आखलेल्या अठरा बर्थांकडे पाहिलं. अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "आणि आम्ही तिघांनी कुठे झोपायचं?"

"सोळा, सतरा आणि अठरा तुमचेच!" तात्याराव अभिमानाने म्हणाले. "अगदी दाराला लागून दिलेत. पहाटेच्या गाडीने कुणी आलं, की उठून कडी काढायला बरं!"