हरवा आणि कोट न्या

धुळ्याला आग्रा रोडवर याकोब मास्तरांच्या दुकानात कोटाचं माप द्यायला गेलेला माणूस बाप्तिस्म्यावर मत दिल्याशिवाय बाहेर येत नसे. मास्तर आधी खांदे मापत, मग छाती, मग बाही. शेवटी टेप गळ्याभोवती घालून तिची दोन्ही टोकं एका मुठीत धरत आणि विचारत, "हं, भाऊ. आता सांगा. माणूस तरतो कशानं?"

गिऱ्हाईक बहुधा हिंदू असे, नाहीतर मुसलमान. ख्रिस्ती तारणाशी त्याचं काही देणंघेणं नसे. त्याला लग्नाआधी कोट हवा असे. मास्तरांना त्याची अडचण वाटत नसे. ते प्रश्न समजावून सांगत, गिऱ्हाइकाकडून उत्तर काढून घेत आणि ते उत्तर चुकीचं कसं आहे हे सिद्ध करत. टेप सुटे ती त्यानंतर.

मी तेव्हा धुळ्यातल्या एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे ते दिवस. सभा संपवून मी मास्तरांकडे जाई, कारण वाद तिथे जास्त रंगे. एका बाहीचा, टाचण्या लावलेला कोट अंगात घालून मी त्यांच्यासमोर पाऊण तास उभा राहिलो आहे. हात हलवला की टाचणी टोचे, त्यामुळे मुद्दा मांडताना हातवारे करता येत नसत. मास्तरांचे बहुतेक विरोधक याच अवस्थेत वाद घालत, ही गोष्ट त्यांच्या विजयांचा हिशेब करताना लक्षात घ्यायला हवी.

दुकानात पाटी होती: हरवा आणि कोट न्या. पाटीखालच्या फळीवर काळ्या लोकरी कापडाचा एक तुकडा घडी करून ठेवलेला असे. वादात मास्तरांना हरवील त्याच्या कोटासाठी तो होता; त्याला कधी कात्री लागली नव्हती.

धुळ्यातल्या ख्रिस्ती मंडळीत पाळकसाहेब बाप्तिस्मा देताना डोक्यावर पाणी शिंपडत. मास्तरांना ते मान्य नव्हतं. माणूस आख्खा पाण्यात बुडाला पाहिजे, तेही वाहत्या. नाहीतर बाप्तिस्मा नाही, आणि बाप्तिस्मा नाही तर तारण नाही. या मताचे गावात ते एकटेच होते. त्यामुळे त्यांच्या पंथात पूर्ण एकमत होतं.

विरोधकाचा मुद्दा त्यांना पटला नाही की ते म्हणत, "ही कच्ची टीप झाली, भाऊ. ओढली की निघाली." मग बायबलातली दोन वचनं काढत, मुद्दा फाडत आणि ओरडत, "उसवलं!" रस्त्यावरची माणसं वळून बघत.

समोर रहमानभाईंचं चहाचं दुकान होतं. कान देऊन देऊन रहमानभाईंना सगळे डावपेच पाठ झाले होते. एक वकील दोन शनिवार तयारी करून आले, तेव्हा रहमानभाईंनी त्यांना रस्त्यातच अडवलं. "वकीलसाब, चोर का मुद्दा मत निकालो. उसीमें सब जाते हैं."

वकिलांनी तोच मुद्दा काढला. "मास्तर, येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेला चोर. त्याला त्याच दिवशी स्वर्ग मिळाला. तो कुठल्या नदीत बुडाला होता?"

"वकीलसाहेब, बाप्तिस्म्याचा हुकूम कधी निघाला? येशू मेलेल्यांतून उठल्यानंतर. चोर गेला त्याआधी. कायदा निघण्याआधीच्या खटल्याचा दाखला तुमच्या कोर्टात चालतो?"

"नाही चालत."

"उसवलं!"

वकील कोटाशिवाय परत गेले. पण त्या दिवशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. "उसवलं" म्हणून ओरडल्यावर मास्तरांचा चेहरा उतरला. ते मशीनवर बसले आणि पायडल मारू लागले. सुईखाली कापड नव्हतं.

पुढे मी लक्ष ठेवलं. दर वेळी हेच होई. शेवटी मी पाळकसाहेबांना विचारलं.

ते म्हणाले, "मास्तरांची बायको रखमा. लग्न झालं तेव्हा दोघं हिंदूच होती. मास्तरांनी बाप्तिस्मा घेतला, तिचं मन वळायला सहा वर्षं लागली. ती हो म्हणाली तो महिना वैशाख. मी म्हणालो, येत्या रविवारी चर्चमध्ये देऊ. मास्तर म्हणाले, नाही, पांझरेतच. आणि पांझरेत तर वाळू. नदीला पाणी येईपर्यंत थांबायचं ठरलं."

"आणि?"

"ज्येष्ठात ताप आला तिला. मी वाटीत पाणी घेऊन गेलो. मास्तर दारात आडवे आले. म्हणाले, साहेब, ही कच्ची टीप आहे. ती बरी होईल, नदीला पाणी येईल. दुसऱ्या दिवशी ती गेली."

मग ती पाटी मला कळली. मास्तर खरे ठरले तर रखमा तरली नव्हती. ते हरले तरच तिला जागा होती. आणि खोटं हरणं त्यांना जमत नव्हतं. माणूस प्रामाणिक होता. कच्ची टीप त्यांना कुठेही दिसे.

थंडीच्या सुरुवातीला जळगावहून एक उपदेशक आले. वादात नाव असलेला माणूस, जाड चष्मा, बायबलात रंगीत कागदांच्या खुणा. पाळकसाहेबांनीच त्यांना बोलावलं होतं. सकाळपासून आग्रा रोडवर गर्दी जमली. मास्तरांनी धुतलेला सदरा घातला होता. काळं कापड फळीवरून उतरवून टेबलावर पसरलं होतं, खडू आणि कात्री शेजारी ठेवली होती. उपदेशकांचे दोन्ही हात धरून ते म्हणाले, "साहेब, आज हरवाच मला."

लोकांना ती गुर्मी वाटली. टाळ्या पडल्या. पाळकसाहेबांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

वाद दोन तास चालला. उपदेशकांनी विश्वासाचा मुद्दा घेतला, मास्तरांनी उसवला. कृपेचा घेतला, तोही गेला. रहमानभाई किटली हातात धरून उभे होते, चहा निवला तरी त्यांना भान नव्हतं. शेवटी उपदेशक म्हणाले, "पण मास्तर, जिथे पाणीच नाही तिथल्या माणसानं काय करायचं?"

मास्तरांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर एवढी आशा मी कधी पाहिली नव्हती. पण ओठांनी सवयीनं उत्तर दिलं.

"साहेब, कूश देशाचा अधिकारी रथातून चालला होता. रस्ता ओसाड. तिथे त्याला पाणी दिसलं की नाही? तिथेच बाप्तिस्मा झाला. ज्याला तारायचं त्याला देव ओसाड रस्त्यावरही पाणी दाखवतो." मग आवाज खाली आला. "ज्याला दाखवत नाही..." वाक्य तिथेच राहिलं.

उपदेशकांनी खुणा चाळल्या. चष्मा पुसला.

"अजून काही असेल ना, साहेब?" मास्तर म्हणाले. "बघा ना. घाई नाही."

"नाही, मास्तर. तुमची शिवण पक्की आहे."

गर्दीनं जल्लोष केला. मास्तर ओरडले नाहीत. ते कापडाची घडी घालू लागले.

दुकानाच्या कोपऱ्यात बाकावर एक म्हातारी सकाळपासून बसून होती. रखमाची आई, गिरजाअक्का. दर वर्षी भडगावहून चोळीचा खण घेऊन येई आणि जावयाकडूनच शिवून नेई. खण मांडीवर तसाच होता. ती म्हणाली, "जवाईबापू, मी अडानी बाई शे. एक इचारू का?"

"विचारा, अक्का."

"त्या साहेबले रस्तावर पानी कोनी दखाडं?"

"देवानं."

"आन् त्या साल आपली पांझरा कोनी सुकाडी?"

मास्तरांचे हात घडीवर थांबले.

"त्यानीच ना? मंग? मनी पोर तयार व्हती. पानीच तयार नव्हतं. सोताच पानी सुकाडीसन तो मनी पोरले दारबाहेर उभी ठेवी का? इतला वाईट मानूस आमना भडगावमा बी नही. तुम्हना तर देव शे."

मास्तरांनी बायबल उघडलं. पानावर बोट फिरवलं, दुसरं पान काढलं, तिसरं. उपदेशक पुढे वाकले होते.

"मास्तर, बोलो," रहमानभाई म्हणाले.

"उसवलं," मास्तर पुटपुटले.

"काय?"

"उसवलं! माझं उसवलं!"

गळ्यात टेप तशीच ठेवून ते रस्त्यावर धावले. समोरून टांगा येत होता, तो त्यांनी घोड्याला हात लावून थांबवला. "हरलो! मी हरलो!"

"पत्त्यात?" टांगेवाल्यानं विचारलं.

"शास्त्रात!"

टांगेवाल्यानं पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेब रुमालानं डोळे पुसत हसत होते. रहमानभाईंनी निवलेला चहा फेकून दिला आणि सगळ्यांसाठी नवा टाकला.

"कोटनं मी काय करू?" गिरजाअक्का म्हणत राहिली. मास्तर ऐकेनात. पाटीवर लिहिलं होतं, म्हणजे लिहिलं होतं. त्यांनी तिचे खांदे मापले, बाही मापली. टेप गळ्याशी आली, पण प्रश्न आला नाही. त्या थंडीत भडगावच्या बाजारात नऊवारी लुगड्यावर काळा लोकरी कोट घातलेली म्हातारी अनेकांनी पाहिली. खिशात ती तंबाखूची डबी ठेवी.

होळीनंतर मी सदरा शिवायला गेलो. पाटी निघाली होती. वाद मात्र चालूच होता, फक्त मास्तरांनी बाजू बदलली होती. आता बुडवणं गरजेचं नाही, देव मन बघतो, असं ते त्याच जोरात सांगत. पाळकसाहेबांना आता पाणी शिंपडण्याच्याही बचावाला उभं राहावं लागत होतं.

टेप माझ्या गळ्याभोवती आली. "हं, भाऊ. माणूस तरतो कशानं? चोर बघा. कुठल्या नदीत बुडाला तो?"

मी सवयीनं बोलून गेलो. "पण मास्तर, हुकूम तर चोर गेल्यानंतर निघाला."

मुद्दा त्यांचाच होता. त्याला उत्तर नाही, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मुठीतली टेप सैल झाली. वादात ज्यांनी कोणाला कधी सोडलं नाही ते मास्तर खाली बघत हळूच म्हणाले, "भाऊ, हे राहू द्या."

"कच्ची टीप होती, मास्तर," मी म्हणालो. "माझीच."

त्यांनी मान हलवली आणि घेऊन झालेलं बाहीचं माप पुन्हा एकदा घेतलं.